साडेचार वॅटचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात घरचा अ‍ॅम्प बदलायचं मी पक्कं केलं होतं. जुना ६० वॅटचा, नवा निदान १५० वॅटचा हवा. आवाज ‘उघडत’ नाही, द्रुत बंदिशीत तबल्याचा बाया गुदमरतो, अशी माझी तक्रार होती. पुण्याच्या तपकीर गल्लीत आयुष्यभर अ‍ॅम्प बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना सल्ला विचारला. ते हातातली सोल्डरिंग गन खाली न ठेवताच म्हणाले, “आहे तो किती चालतोय ते मोजलंत का?”

मोजलं नव्हतं. अ‍ॅम्प बदलायला निघालेल्या कुणीच मोजलेलं नसतं. मोजायला मात्र कोणत्याही दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. १२० हर्ट्‌झचा एक सरळ सूर, कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला, फाइल म्हणून हाताशी ठेवायचा. आधी नेहमीचं गाणं नेहमीच्या जास्तीत जास्त आवाजात लावायचं. मग व्हॉल्यूमच्या नॉबला हात न लावता अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढायच्या, पुन्हा चालू करून तो सूर लावायचा आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजायचे. (व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर हा प्रयोग वायरी काढून करू नका, लोड नसताना सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.) आलेल्या आकड्याला चारने गुणायचं, त्याचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमने भागायचं. गाण्यातला सर्वांत मोठा ठोका तुमच्या अ‍ॅम्पकडून जास्तीत जास्त किती वॅट मागतो, ते कळतं.

माझा मीटर दीड व्होल्टवर थांबला. दीड चोक सहा, सहाचा वर्ग ३६, भागिले ८ ओहम. साडेचार वॅट. घरात कुणी नाही असं बघून, एरवी कधीच नसतो इतका नॉब फिरवून पुन्हा मोजलं, तेव्हा उत्तर २० वॅटच्या जवळ आलं. ६० वॅटचा अ‍ॅम्प अपुरा पडतोय म्हणून मी १५० वॅटचा शोधत होतो, आणि आहे त्याचाच दोन तृतीयांश भाग कधी वापरला गेला नव्हता. बाया गुदमरत होता हे खरं, पण त्याचा गुन्हेगार दुसराच होता. तो शेवटी सापडला.

वॅटच्या आकड्यांनी आपली फसगत होते, कारण कान बेरजेनं ऐकत नाही, गुणाकारानं ऐकतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. फरक जाणवतो, पण त्यात भारावून जाण्यासारखं काही नसतं. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. माझी ६० वरून १५० ची उडी अवघी ४ डेसिबलची होती. उलट स्पीकर बदलून ८६ डेसिबल संवेदनशीलतेऐवजी ९२ चा घेतला, तर अ‍ॅम्पला हात न लावता वॅट चौपट केल्यासारखं होतं. स्पीकरच्या पत्रकावरचा हा आकडा म्हणजे २.८३ व्होल्ट, ८ ओहमला बरोबर एक वॅट, दिल्यावर एक मीटरवर किती आवाज निघतो ते. बैठकीच्या खोलीत तीन मीटरवर बसलात की त्यातले सहा-आठ डेसिबल गळतात आणि दोन स्पीकर मिळून तीनएक परत येतात. मग उरतो तो ख्यालाच्या विलंबित आवर्तनाला पुरून उरेल इतका आवाज, एका वॅटमध्ये. सरासरी आवाजापेक्षा तबल्याची थाप पंधरा-वीस डेसिबल वर उसळी मारते. त्या क्षणासाठी तीस ते शंभर पट ताकद राखीव लागते, आणि वॅट घ्यायचे ते त्यासाठी.

वॅटच्या नावाखाली बाजारात काय विकलं जायचं हे आपल्या पिढीला सांगायला नको. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यावर १००० वॅट पीएमपीओ छापलेलं असायचं आणि मागे भिंतीला लावायची वायर बुटाच्या नाडीएवढी. अमेरिकेतही हीच लूट चालू होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियम करून कंपन्यांना सांगितलं की वॅट जाहीर करायचे तर किती ओहमवर, कोणत्या पट्ट्यात आणि किती डिस्टॉर्शनला, हेही सांगा. मोजण्याआधी अ‍ॅम्प तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवायची अटही त्यात होती. साधारण त्याच टप्प्याच्या आसपास नेहमीचा अ‍ॅम्प सर्वांत जास्त तापतो, म्हणून पुष्कळांच्या पत्रकातले आकडे एका रात्रीत आटले. होम थिएटरच्या काळात पळवाटा पुन्हा वाढल्या आणि २०२४ मध्ये तो नियम नव्यानं घट्ट करावा लागला. एव्ही रिसीव्हर घेताना ‘सर्व चॅनेल एकदम चालू असताना किती’ हा प्रश्न अजूनही विचारावा. उत्तर बहुधा मुखपृष्ठावर नसतं.

मग अ‍ॅम्प बदलायचाच नाही का? बदलायचा, पण कारण बहुतेक वेळा वॅटचं नसून लोडचं असतं. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हे नुसतं नाव आहे. प्रत्यक्षात सूर बदलेल तसा तो आकडा हलतो, कुठे ३० ओहमवर चढतो, कुठे साडेतीनवर उतरतो. उतरतो तिथे अ‍ॅम्पला व्होल्ट नाही, करंट पुरवावा लागतो. बीबीसीनं सत्तरच्या दशकात आपल्या ध्वनिक्षेपण गाडीसाठी बनवलेला चिमुकला एलएस३/५ए स्पीकर घ्या. संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल, म्हणजे भूक मोठी. पण लोड मूळचा १५ ओहमचा, म्हणून स्वभाव सोशिक. साध्या अ‍ॅम्पवरही तो कुरकुर न करता गातो, फक्त त्याच्याकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा करू नये. याच्या दुसऱ्या टोकाला ऐंशीच्या दशकातला अमेरिकन अपोजी सिंटिला, ज्याचा लोड १ ओहमपर्यंत खाली जायचा आणि नामांकित अ‍ॅम्प त्याच्यापुढे फ्यूज उडवायचे. या दोघांना ‘किती वॅटचा अ‍ॅम्प’ हा एकच प्रश्न लावता येत नाही. पत्रकात बघायचं ते हे: ८ ओहमला १०० वॅट देणारा ४ ओहमला २०० च्या किती जवळ जातो. जवळ गेला तर ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय दमदार. १२० वरच थांबला तर तो अ‍ॅम्प सोप्या स्पीकरांसाठी आहे, आणि तुमचे स्पीकर सोपे असतील तर त्यात काही वाईटही नाही.

जास्त वॅट म्हणजे जास्त सुरक्षित, हाही अर्धवट समज. लहान अ‍ॅम्प ताणून वाजवला की लाटांचे माथे छाटले जातात आणि ट्वीटरवर नको इतकी सरासरी ताकद पडते, हे खरं. पण क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर जादा व्होल्टेजनं आत ठिणगी पडून मरतो. क्वाडचाच ४०५ हा अ‍ॅम्प त्याला लावायचा तर व्होल्टेजवर मर्यादा घालणारा बोर्ड बसवावा लागे. एकाच घरातल्या दोन भावांमध्ये मध्यस्थ लागावा तशातला प्रकार.

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्पचा आउटपुट रोध) या आकड्यावर मी फार वेळ घालवणार नाही, दुकानदार मात्र घालवतात. ४०० असो की २०००, पाच मीटर अंतरावरच्या स्पीकरला अडीच स्क्वेअरची वायर नेली की जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो आणि तिथेच तो आकडा शंभराच्या आसपास येऊन बसतो. पुढे स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा पाच-सहा ओहमचा रोध आहेच. घरच्या वायरिंगसाठी मिळते तीच अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर वापरा आणि पुढे जा.

आता जातकुळीचा प्रश्न. क्लास ए, एबी, डी आणि व्हॉल्व्ह, यांवरून माणसं एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत. इतिहास थोडा बघितला तर भांडण बरंच निवळतं. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसनचा १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प छापून आला आणि घरात डिस्टॉर्शन किती कमी असू शकतं याची पट्टीच बदलली. त्यामागे हॅरल्ड ब्लॅकची निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना होती. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी कामावर जाताना फेरीबोटीत हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यानं ती खरडली होती. जे आत आलं आणि जे बाहेर पडलं त्यांतला फरक उलटा करून परत आत द्यायचा, की चूक आपोआप कमी होते. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले. क्लास एबीत दोन ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वाटून घेतात आणि शून्याजवळच्या सांध्यावर खरखर राहते. ती फीडबॅकनं झाकायचा प्रयत्न झाला, आणि ‘ट्रान्झिस्टरचा आवाज रुक्ष’ ही समजूत तिथून जी रुजली ती आजही चहाच्या टपरीवर ऐकू येते. १९७० मध्ये फिनलंडच्या मात्ती ओतालानं क्षणिक डिस्टॉर्शनवर निबंध लिहिला आणि फीडबॅक हीच वाईट गोष्ट असं लोकांनी वाचलं. खरा मुद्दा मंद सर्किटला वेगवान सिग्नल झेपत नाही एवढाच होता. १९७५ मध्ये क्वाडच्या पीटर वॉकरनं ४०५ आणला. त्यात एक लहानसा, स्वच्छ क्लास ए अ‍ॅम्प मोठ्या ओबडधोबड ट्रान्झिस्टरांची चूक भरून काढतो. पुढे डग्लस सेल्फनं आपल्या पुस्तकात एबी सर्किटचा एकेक दोष सुटा करून दाखवला आणि जे उरलं त्याला ‘निर्दोष’ एवढंच नाव दिलं. ‘उत्तम’ म्हणायचं त्यानं टाळलं, हे मला फार आवडतं.

क्लास एचं सौंदर्य त्या सांध्याच्या अभावात आहे. दोन्ही ट्रान्झिस्टर सतत चालू, म्हणून जोड नाहीच. पण २५ वॅटचा स्टिरिओ क्लास ए अ‍ॅम्प गाणं चालू नसतानाही भिंतीतून दीडशे-दोनशे वॅट ओढतो आणि सगळे खोलीत उष्णता म्हणून सोडतो. नागपूरच्या मे महिन्यात हे परवडेल त्यानं खुशाल घ्यावा. व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. ३०० बी ट्यूबचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प आठएक वॅट देतो आणि त्याचा आउटपुट रोध एक ते तीन ओहम असतो. म्हणून तो स्पीकरच्या लोडप्रमाणे स्वतःचा सूर बदलतो, टोन कंट्रोलसारखा. कुणाला ते गोड वाटतं, आणि ९५ डेसिबलच्या पुढचे हॉर्न स्पीकर असतील तर आठ वॅट भरपूर होतात. पण हा रंग आहे, आरसा नव्हे, एवढं ठाऊक असावं. किशोरीताईंचा पंचम थोडा उबदार करून ऐकायचा असेल तर माझी हरकत नाही.

सध्या बाजार ज्यानं उलथला आहे तो क्लास डी. सिग्नलची सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होणारी नाडी बनवायची आणि शेवटी गाळणीतून मूळ लाट काढून घ्यायची. वाया जाणारी वीज इतकी कमी की मोठा हीट सिंक लागतच नाही. २००५ च्या सुमारास ट्रायपाथ कंपनीच्या चिपचा एक खेळण्यासारखा प्लास्टिकचा अ‍ॅम्प गाजला, पण कंपनी पुढे बुडाली. ब्रूनो पुट्झेस या अभियंत्यानं आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्स आणि प्युरिफायमध्ये जे केलं त्यानं पत्रकं बदलून गेली. २०१९ च्या प्युरिफाय मॉड्यूलची मोजमापं चांगल्या एबी अ‍ॅम्पांना लाजवतात. यातली मेख फीडबॅक कुठून घेतला यात आहे. पुट्झेसच्या रचनेत तो गाळणीच्या पुढून येतो. स्वस्त चिनी खोक्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चांगली चिप असते, पण फीडबॅक बहुधा गाळणीच्या अलीकडून. मग स्पीकरचा लोड बदलला की वरच्या पट्टीतला सूर एक-दोन डेसिबल वर-खाली होतो. एकाच्या घरी तो अ‍ॅम्प ‘कर्कश’ आणि दुसऱ्याच्या घरी ‘दबलेला’ वाटतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. नवी मॉडेल्स हा दोष दुरुस्त करू लागली आहेत. विकत घेण्याआधी तेवढं नक्की विचारावं.

एवढं सगळं ऐकून काका म्हणाले, “पण कानाला फरक कळतो का?” या एका प्रश्नावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’नं साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत सहा यंत्रं श्रोत्यांना न सांगता ऐकवली, आवाजाची पातळी जुळवून. श्रद्धावान आणि नास्तिक दोघांचीही उत्तरं नाणं उडवून यावीत तशी आली. त्याच्या दोन वर्षं आधी बॉब कार्व्हरनं ‘स्टिरिओफाइल’च्या संपादकांना आव्हान दिलं होतं की तुमच्या आवडीच्या महागड्या अ‍ॅम्पचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून उतरवतो. त्यानं ते करून दाखवलं. लोक ही गोष्ट ‘सगळे अ‍ॅम्प सारखेच’ याचा पुरावा म्हणून सांगतात. मला ती उलट वाटते. आधी फरक होता, आणि तो काही जादू नव्हता, मोजता आणि पुसता येण्याजोगा होता.

फरक ऐकायची पद्धत मात्र शिस्तीची हवी. अर्ध्या डेसिबलनं मोठा वाजणारा अ‍ॅम्प माणसाला ‘जास्त मोकळा’ वाटतो, मोठा नव्हे. म्हणून तोच १२० हर्ट्‌झचा सूर लावून दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट स्पीकरच्या टर्मिनलवर एक टक्क्याच्या आत जुळवायचे, आणि वायर बदलायचं काम घरातल्या दुसऱ्याला द्यायचं. माझ्या घरी हे काम धाकट्या मुलीनं केलं. मित्राकडून आणलेला १५० वॅटचा आणि माझा ६० वॅटचा यांत वीसपैकी अकरा वेळा मी बरोबर ओळखलं. तिनं ते वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

ज्यांच्याकडे इंटिग्रेटेड अ‍ॅम्प किंवा एव्ही रिसीव्हर आहे आणि त्याला प्री-आउट आहे, त्यांना वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडणं हा खरोखर कामाचा बदल असू शकतो, विशेषतः समोरचे स्पीकर अवघड लोडचे असतील तर. इथे वॅटपेक्षा गेन बघायचा. घरगुती पॉवर अ‍ॅम्प साधारण २६ ते २९ डेसिबल गेनचा असतो, म्हणजे दीडएक व्होल्ट आत गेले की तो पूर्ण ताकदीला पोचतो. डॅक (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग करणारं यंत्र) दोन व्होल्ट देतो, बॅलन्स्ड असेल तर चार. मग नॉब आठ वाजताच्या जागी असतानाच खोली भरते, आणि हॉर्न स्पीकर असतील तर आलापाच्या शांततेत तानपुऱ्याच्या मागे सुसुसु ऐकू येतं. आधीच्या यंत्राच्या आउटपुट रोधापेक्षा अ‍ॅम्पचा इनपुट रोध निदान दहापट हवा. व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पला १० किलोओहमचा पॉवर अ‍ॅम्प लावला की बेस झिजतो. बायअ‍ॅम्पिंगला दोन्ही अ‍ॅम्पचा गेन सारखा हवा. आणि दोन चॅनेल ‘ब्रिज’ करायचे असतील तर लक्षात ठेवा, प्रत्येक बाजूला स्पीकरचा लोड निम्मा दिसतो. ४ ओहमचा स्पीकर तिथे २ ओहम होऊन बसतो.

परदेशी परीक्षणांत न येणाऱ्या काही गोष्टी आपल्या घरांत ठरवून बघाव्या लागतात. पहिली वीज. २३० व्होल्ट हे नाव; रात्री ती त्याच्या बरीच वर जाते आणि भर उन्हाळ्याच्या संध्याकाळी खाली. न्यूट्रल तुटला तर ४०० च्या जवळ जाऊ शकते, आणि तेव्हा आधी जातात ते स्विचिंग सप्लाय. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर घोंगावतो, तो अ‍ॅम्पचा दोष नव्हे. दोन पिनांच्या अ‍ॅम्पला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती सप्लायमधली गळती. उपाय म्हणजे चांगलं आर्थिंग. हम जातो म्हणून आर्थची पिन कापणारे मेकॅनिक अजून आहेत. त्यांच्याकडून अ‍ॅम्प परत आणावा. दुसरी उष्णता. कॅपॅसिटर दर १० अंशांनी साधारण निम्मं आयुष्य गमावतात, म्हणून पडदा घातलेल्या शोकेसच्या बंद कप्प्यात अ‍ॅम्प ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य घटवणं. आणि कोकण-गोव्यातल्या दमट खाऱ्या हवेत रिले आणि व्हॉल्यूमचे पॉट गंजतात, ऊब शोधत पाल आत शिरते. हीट सिंकच्या फटींवर बारीक जाळी लावायची युक्ती मला रत्नागिरीच्या एका नातेवाइकाकडून मिळाली.

त्याच नातेवाइकाकडे आखातातून आणलेला जपानी अ‍ॅम्प चार दशकं चालू आहे. तिथले सेट २२० ते २४० व्होल्टचे, म्हणून आपल्याकडे सुखानं नांदले. आता जपानच्या देशी बाजारातून थेट मागवलेले जुने सॅन्सुई-लक्समन दिसतात. ते १०० व्होल्टचे असतात, आणि पुरेसा मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर पहिल्याच दिवशी धूर. जुना अ‍ॅम्प घेताना इनपुट बंद ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट बघावेत: ५० मिलिव्होल्टच्या आत असतील तर ठीक, शेकड्यात असतील तर स्पीकर जोडू नका. आउटपुटचे ट्रान्झिस्टर मूळ आहेत का हेही बघा. गल्लोगल्ली वापरली जाणारी ५२००-१९४३ ही जोडी चांगली आहे, पण तिच्या नकलाही तेवढ्याच गल्ल्यांत मिळतात. असेंबल केलेल्या अ‍ॅम्पला मी नाकं मुरडणार नाही. नीट वाइंड केलेला ट्रान्सफॉर्मर आणि अस्सल माल असेल तर तो साठ-सत्तर वॅट प्रामाणिकपणे देतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

राहिला बाया. माझी खोली चार मीटर लांब, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. चार मीटरला ४३ हर्ट्‌झच्या आसपास पहिली घुमणारी लाट उभी राहते, तिचे पटीतले सूर वरच्या बाजूला, आणि माझी खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली. तिथे घुमार साचत होता आणि मींड त्यात बुडत होती. खुर्ची पाऊण मीटर पुढे ओढली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, खाली आजीची जुनी सतरंजी आणि तिच्यावर गोधडी टाकली. १५० वॅटचा अ‍ॅम्प मित्राला परत केला. काकांकडे जाऊन आहे त्याचे कॅपॅसिटर बदलून घेतले. त्यांनी जुने काढून माझ्या हातात ठेवले, तर दोन वरून फुगलेले होते.